रिसीव्ड म्हणजे पोचलं, की स्वीकारलं?

डिचोलीची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. धागा शब्दाबद्दल आहे, पण कारण घरचं आहे, ते आधी सांगते म्हणजे प्रश्न का पडला ते कळेल.

माझे बाबा 78 वर्षांचे. गेल्या वर्षी घर आजोच्या नावावरून स्वतःच्या नावावर करून घ्यायला त्यांनी एका ऑफिसात अर्ज दिला, मराठीत, स्वतःच्या अक्षरात, दोन प्रती. कारकुनाने एक ठेवून घेतली आणि दुसरीवर निळ्या शाईचा चौकोनी शिक्का मारून परत दिली. शिक्क्यात वर इंग्रजीत रिसीव्ड, मधे तारीख, खाली कुणाचीतरी अर्धवट सही. बाबा मराठी शाळेत शिकलेले, इंग्रजी अक्षरं लावून वाचतात. घरी येऊन शेजारच्या पोराला विचारलं याचा अर्थ काय रे, त्याने मोबाईलवर बघितलं आणि सांगितलं, 'स्वीकारले'. झालं! बाबांच्या मते अर्ज स्वीकारला म्हणजे काम झालं. ती प्रत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आणि आठ महिने स्वस्थ बसले. मग घरपट्टी परत आजोच्याच नावाने आली तेव्हा मी जाऊन चौकशी केली, तर अर्जाला एक कागद जोडायचा राहिलेला आणि म्हणून तो तिथेच पडून.

बाबा म्हणतात चूक माझी, मला इंग्रजी येत नाही. मला हे ऐकून फार वाईट वाटतं. त्यांनी विचारलं होतं, त्यांना अर्थही सांगितला गेला, फक्त तो दुसऱ्याच शब्दाचा अर्थ होता. मी प्राथमिकला शिकवते, मुलं पण वहीत रिसीव्ह म्हणजे स्वीकारणे असंच लिहितात आणि आतापर्यंत मी त्यावर बरोबरची खूण करत आलेय. तर या शब्दाचं मूळ काय, त्याचे अर्थ किती, आणि मराठीत नेमकं काय म्हणावं? जाणकारांनी सविस्तर लिहा, कितीही लांब चालेल.

---

जुने_कागद

ताई, मूळ लॅटिन. रेकिपेरे. त्यात 're' म्हणजे मागे, परत, आणि 'कापेरे' म्हणजे पकडणे, हातात घेणे. जोडशब्दात कापेरेचा 'का' बदलून 'कि' होतो म्हणून रेकिपेरे. परत घेणे, आत घेणे, येणाऱ्याला घरात घेणे असे त्याचे लॅटिनमधेच अर्थ होते. तिथून जुन्या फ्रेंचमधे गेला आणि फ्रेंचमधून साधारण 1300 च्या सुमारास इंग्रजीत. कॅप्चर, कॅप्टिव्ह, कपॅसिटी, डिसीव्ह, पर्सीव्ह, कन्सेप्ट, एक्सेप्ट सगळी याच कापेरेची पोरं. आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचं, ॲक्सेप्टसुद्धा! तो 'आद' अधिक कापेरे, म्हणजे स्वतःकडे घेणे. रिसीव्ह आणि ॲक्सेप्ट सख्ख्या बहिणी आहेत पण स्वभाव वेगळा. ॲक्सेप्टमधे मनाची संमती लागते, रिसीव्हमधे फक्त हात लागतो. म्हणून इंग्रजीत 'तुमचा प्रस्ताव रिसीव्ह झाला पण मी ॲक्सेप्ट केला नाही' असं सरळ म्हणता येतं.

आता आपल्या गोव्याची गोष्ट. मी लोकांच्या घरातले पोर्तुगीज काळातले कागद वाचून देतो. पोर्तुगीजमधे हाच शब्द रेसेबेर. जुन्या पावत्या बहुतेक वेळा एकाच शब्दाने सुरू होतात, 'रेसेबी', म्हणजे 'मला मिळाले' किंवा 'मी घेतले', पुढे कुणाकडून, किती, कशाबद्दल. गेल्याच महिन्यात एका घरी पत्र्याच्या ट्रंकेतून अशी एक पावती निघाली, घडीवर फाटलेली, वाळवीने एक कोपरा खाल्लेला, रक्कम रुपियात. रुपिया दिसलं की मी लगेच सांगतो कागद बहुतेक 1958 च्या आधीचा, कारण त्यानंतर इथे एस्कुदो आले, एका रुपियाला 6 एस्कुदो. त्या घरातल्या आजीला वाटत होतं हा जमिनीचा कागद आहे. ती होती नुसती पैसे मिळाल्याची पावती. म्हणजे तुमच्या बाबांसारखंच, घेतल्याचा कागद आणि दिल्याचा कागद यात लोकांची गल्लत पूर्वीपासून होत आलेली आहे, आणि ती त्यांच्या हुशारीमुळे नव्हे, कागद परक्या भाषेत असल्यामुळे.

अजून एक लक्षात घ्या. लॅटिनचा 'प' दोन स्वरांच्या मधे, किंवा स्वर आणि 'र' यांच्या मधे, आला की पोर्तुगीजमधे 'ब' होतो आणि फ्रेंचमधे 'व'. लॅटिन काप्रा म्हणजे शेळी, पोर्तुगीजमधे काब्रा, फ्रेंचमधे शेव्र. तसंच रेकिपेरे, रेसेबेर, रसव्वार. इंग्रजी रिसीव्हमधला 'व्ह' हा असा फ्रेंचमधून झिजून आलेला 'प' आहे.

---

सावईकर

वा, हे वाचून अंगावर काटा आला कारण आपल्याकडे अगदी हेच झालंय!! संस्कृत प्राप्नोति, प्राकृतात पावइ, मराठीत पावणे. 'प' चा 'व'. दीप चा दिवा, ताप चा ताव, कूप चा कुवा, सपत्नीची सवत, तसाच प्राप् चा पाव. म्हणजे रिसीव्ह मधला व्ह आणि पावती मधला व दोघेही मुळात प होते, दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द, एकमेकांशी काही नातं नाही आणि तरी झिजले सारखेच.

मास्तरीणबाय, तुमचं उत्तर मला वाटतं इथेच आहे. आपण कोकणीत रोज काय म्हणतो? 'तुजें पत्र पावलें'. 'हांव घरा पावलों'. पत्र पण पावतं आणि माणूस पण पावतो. पावप म्हणजे पोचणे. मराठीत घरी पावलो असं आता फारसं कोण म्हणत नाही पण पावती म्हणतो, पोच म्हणतो, पोचपावती म्हणतो. या सगळ्यात वस्तू आली, पोचली, एवढंच आहे. ती कुणाला पसंत पडली का, मान्य झाली का, याचा त्यात एक अक्षर उल्लेख नाही. उलट स्वीकार हा शब्द बघा, स्व आणि कृ, जे आपलं नव्हतं ते आपलं करणे. ऑफिसने बाबांचा अर्ज आपला केला का? नाही ना. तो फक्त त्यांच्या टेबलावर पावला.

देवाच्या बाबतीत मात्र पावणे वेगळं. देव पावला म्हटलं की काम झालंच. नवसाला पावणारा देव. आमच्या देवळात कौल लावतात, मूर्तीला पाकळ्या चिकटवतात आणि उजवी पाकळी सुटून पडली की म्हातारी माणसं हात जोडून म्हणतात देव पावलो. तुमच्या बाबांच्या कानात पावणे म्हणजे हेच असणार, त्यांच्या पिढीला पावलेली गोष्ट ही पूर्ण झालेलीच गोष्ट. त्यांना दोष देऊ नका आणि त्यांनाही स्वतःला देऊ देऊ नका.

---

व्याकरणाची_आवड

सावईकरांचं बरंचसं पटलं पण एक दुरुस्ती. पावणे मधे नेहमी वस्तूच कर्ता असते असं समजू नये. 'तो मृत्यू पावला', 'कीर्ती पावला', 'नाश पावला' इथे कर्ता माणूस आहे आणि मृत्यू, कीर्ती या त्याला मिळालेल्या गोष्टी. म्हणजे पावणे दोन्ही बाजूंनी चालतं. अर्थात इथेही भाव 'त्या अवस्थेला पोचला' असाच आहे, हाताने घेतलं असा नाही, त्यामुळे मूळ मुद्दा पोचण्याचा तो राहतोच.

खरा फरक मिळणे मधे दिसतो. इंग्रजीत 'आय रिसीव्ड अ लेटर', मी कर्ता, मी काहीतरी केलं. मराठीत 'मला पत्र मिळालं'. क्रियापद पत्राप्रमाणे चालतं, चिठ्ठी असेल तर मिळाली, निरोप असेल तर मिळाला, आणि मी बिचारा 'ला' लावून बाजूला उभा. कोकणीत पण तसंच, 'म्हाका मेळ्ळें'. मला भूक लागली, मला आठवलं, मला आवडलं, मला मिळालं. जे आपल्यावर येतं, आपण करत नाही, त्याला आपली भाषा बहुतेक वेळा कर्तेपण देत नाही. आणि म्हणून मुलांना रिसीव्हचं एका शब्दात भाषांतर करायला सांगितलं की ती करणाऱ्या माणसाचं क्रियापद शोधायला जातात आणि हाताशी सापडतं स्वीकारणे. चूक मुलांची नाहीच, प्रश्न विचारायची पद्धत चुकते. शब्द विचारू नका ताई, वाक्य विचारा. 'रवीने पत्र रिसीव्ह केलं' हे आईला कसं सांगशील विचारलंत तर पोरगं आपोआप म्हणेल रवीला पत्र मिळालं.

---

पर्वरीचा_नील

एक शंका. रिसीट आणि रसीद एकच शब्द ना? हिंदीत रसीद म्हणतात, मला वाटायचं इंग्रजीवरून आला. आणि रिसीट मधे तो पी कशाला आहे जर उच्चारायचाच नाही तर, माझी बारावीत स्पेलिंगला त्यावरून नेहमी चूक व्हायची

---

जुने_कागद

नील, एक नव्हेत. रसीद फारसी आहे. रसीदन म्हणजे पोचणे, रसीद म्हणजे 'पोचलं'. आवाज इतका सारखा आहे की कुणालाही एकच वाटेल. पण अर्थाने बघ, फारसीची रसीद ही आपल्या पोच आणि पावती यांच्या पंगतीत बसते, इंग्रजी रिसीटच्या नाही. तिकडे 'घेतलं', इकडे 'पोचलं'.

पी ची गोष्ट अशी. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा त्यात पी नव्हताच, तो आधीच झिजून गेलेला. पुढे लॅटिन शिकलेल्या लोकांनी मूळ रेसेप्ता आहे म्हणून लिहिताना पी परत आणून बसवला, लोक बोलत राहिले पूर्वीसारखंच. डिसीट आणि कन्सीट याच घरातले, त्यांनाही काही काळ पी लावून बघितला होता पण टिकला नाही. रिसीटला चिकटला तो चिकटलाच. म्हणजे तू बारावीत उच्चाराप्रमाणे लिहीत होतास ते जुन्या वळणाचंच होतं.

जाता जाता, हॅव्ह हा इंग्रजी शब्द कापेरेच्याच मुळाचा आहे, 'कप्' म्हणजे पकडणे. दिसायला तो लॅटिन हाबेरेसारखा, अर्थही तोच, पण नातं नाही. हाबेरेचं नातं इंग्रजी गिव्हशी लावतात! एकच जुनं मूळ, एका भाषेत 'जवळ असणे' झालं आणि दुसऱ्या भाषेत 'देणे'. घेणं आणि देणं एकाच हाताची दोन कामं असावीत तसं. मला ही गोष्ट कळली त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

---

म्हापशाची_केमिस्ट

आमच्या दुकानातला शब्द कुणी काढला नाही म्हणून लिहिते. डॉक्टरच्या चिठ्ठीवर वर डाव्या कोपऱ्यात जो आर असतो, पायावर काट मारलेला, तो या रेकिपेरेचाच. लॅटिनमधे 'रेकिपे' म्हणजे 'घे'. आज्ञार्थ. डॉक्टर केमिस्टला सांगायचा, घे अमुक इतकं, घे तमुक इतकं, आणि कालव. तेच 'घे' पुढे रेसिपी झालं. इंग्रजीत बराच काळ स्वयंपाकाच्या कृतीला रिसीटच म्हणत, रेसिपी हा शब्द औषधाचा होता. पोर्तुगीजमधे अजून एकच शब्द दोन्हीला, रेसेइता, डॉक्टरची चिठ्ठी पण आणि बेबिंकाची कृती पण, वर सरकारचा महसूल तो पण रेसेइता. कुणाकडून तरी घेतलेलं ते सगळं त्यात आलं.

काउंटरवर जुनी माणसं चिठ्ठी देताना दोन्ही हातांनी देतात. मी पण दोन्ही हातांनी घेते. मास्तरीणबाय, तुमच्या बाबांनी तो अर्ज असाच दोन्ही हातांनी दिला असणार असं सारखं मनात येतंय.

---

तारवटी_सासष्टीचा

मी 22 वर्षं बोटीवर. आमच्याकडे वायरलेसवर 'रॉजर' म्हणतात ते माहीत असेल सगळ्यांना, सिनेमातून लोकांना वाटतं रॉजर म्हणजे ओके, होय, करतो. तसं नाही. मोर्समधे आर हे अक्षर पाठवायचे, अर्थ रिसीव्ड. पुढे आवाजावर बोलणं आलं तेव्हा आर या अक्षराचं नाव त्या काळच्या यादीत रॉजर होतं, दुसऱ्या महायुद्धातलं, म्हणून रिसीव्ड ऐवजी रॉजर. 1956 ला नवी यादी आली, आर चा रोमिओ झाला, पण रॉजर काय गेला नाही.

आणि रॉजर म्हणजे एवढंच की तुझा निरोप माझ्या कानापर्यंत पोचला. तू सांगितलंस ते करणार असं सांगायचं असेल तर वेगळा शब्द आहे, विल्को, विल कम्प्लाय चं कापून केलेलं. मला पहिल्या वर्षी एका चीफ ऑफिसरने ब्रिजवर उभं करून समजावलेलं, तो म्हणाला समुद्रात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेस तर माणूस मरेल. तुमच्या बाबांच्या कागदावर रॉजर होतं, विल्को नव्हतं. ऑफिसात पण असे दोन शिक्के पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

---

काळा_डगला

तारवटीभाईंनी अचूक सांगितलं. कोर्टात हा फरक रोजचा. 1872 च्या करार कायद्यात प्रस्ताव ज्याला दिला त्याने संमती दर्शवली की मगच तो स्वीकारला म्हणतात, नुसता हातात पडून उपयोग नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 40 मधे रिसीव्हर नेमतात, वादातली मालमत्ता तो ताब्यात घेऊन सांभाळतो पण मालक होत नाही. आणि चोरीचा माल ठेवणाऱ्यालाही इंग्रजीत रिसीव्हरच, पूर्वी भादंवि 411, आता 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं 317. तिथे मात्र नुसतं घेतलं एवढ्याने गुन्हा होत नाही, अप्रामाणिकपणे घेतलं पाहिजे, माल चोरीचा आहे हे ठाऊक असलं पाहिजे किंवा तसं मानायला कारण असलं पाहिजे. म्हणजे कायद्याला सुद्धा रिसीव्हच्या पुढे मनाबद्दलचा वेगळा शब्द जोडावा लागला, कारण तो शब्द मनाबद्दल काही बोलत नाही.

आता कामाचं. शिक्क्याची प्रत टाकू नका, तोच तुमचा पुरावा आहे की अर्ज त्या तारखेला पोचला होता. त्यावर आवक नंबर आहे का बघा, नसेल तर आवक रजिस्टरमधे त्या तारखेला शोधायला सांगा. राहिलेला कागद जोडून नवीन पत्र द्या, त्यात जुन्या अर्जाची तारीख लिहा. तरी हलले नाहीत तर माहिती अधिकारात विचारा, अर्जावर आजपर्यंत कुणी काय शेरा लिहिला, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि पत्र मराठीतच द्या. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली पण मराठीला त्यात जागा आहे.

---

व्याकरणाची_आवड

काळा डगला, धन्यवाद. अजून एक अर्थ राहिला तो नोंदवतो. रिसीव्ह म्हणजे माणसाचं स्वागत करणे. एअरपोर्टवर रिसीव्ह करायला जाणे, त्याला मराठीत आपण 'आणायला जाणे' म्हणतो किंवा जुनी माणसं 'सामोरं जाणे'. लग्नाचं रिसेप्शन त्यातूनच. आणि 'रिसीव्ड प्रोनन्सिएशन', डॅनियल जोन्स या उच्चारशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात हे नाव रूढ केलं, तिथे रिसीव्ड म्हणजे सर्वमान्य. बघा, म्हणजे 'मान्य' हा अर्थ या शब्दाला कधीच नव्हता असं नाही, या एका कोपऱ्यात तो आहे. शब्दकोशात मान्य, स्वीकृत असं लिहिलेलं सापडतं ते अशा वापरावरून. पण आवक शिक्क्यावर तो अर्थ लावणं चूक.

---

पर्वरीचा_नील

आणि मग गेट? आम्ही तर रिसीव्ह बोलतच नाही, आय गॉट इट म्हणतो

---

सावईकर

गेट उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा, फ्रेंच नाही. म्हणून तो घरातला वाटतो आणि रिसीव्ह कागदातला. आपल्याकडे मिळालं आणि प्राप्त झालं यात जो फरक तोच. आणि आमच्या मालवणी पाहुण्यांचं 'गावला' त्याहून घरातलं. कोमुनिदादची (गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेची) जोण, म्हणजे नफ्यातला वाटा, गांवकाराला मिळते असंच आजो म्हणायचा, प्राप्त होते असं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

---

डिचोलीची_मास्तरीण

सगळ्यांना देव बरें करूं. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल संध्याकाळी बाबांना बाल्कनीत बसवून सगळा धागा वाचून दाखवला. रॉजर आणि विल्को त्यांना फार आवडलं, दोनदा वाचायला लावलं. देव पावलो वर गप्प बसले आणि मग म्हणाले, होय, मला तसंच वाटलं होतं. रसीद आणि रिसीटचं ऐकून म्हणाले मग पावतीच बरी, निदान काय झालं ते खरं सांगते.

आज सकाळी दोघं मिळून ऑफिसात गेलो. आवक रजिस्टरमधे अर्ज सापडला, नंबर पण आहे. राहिलेला कागद जोडून नवीन पत्र दिलं, बाबांच्याच अक्षरात. यावेळी काउंटरवर एक तरुण मुलगी होती, तिने शिक्का मारला, तोच निळा. बाबांनी तिला विचारलं, बाय, यावर मराठीत एक शब्द लिहिशील? तिने विचारलं काय लिहू आजो. बाबा म्हणाले, 'पोचलं' असं लिही, आणि पुढे काय होईल ते तू केव्हा कळवशील ती तारीख घाल. तिने दोन्ही लिहिलं. पुढच्या महिन्याच्या 14 तारखेला बोलावलंय.

वर्गातल्या वह्या परत मागवल्यात, सोमवारी ती खूण बदलायची आहे.